शेठची वीत

बाबूशेठ आढावांच्या टेबलावर 'नशीब' म्हणायची सोय नव्हती. कोणाचा बॉल ध्यानीमनी नसताना पॉकेटात गेला आणि तो हसत "नशीब, नशीब" म्हणाला, की शेठ खेळ थांबवायचे. बॉल पॉकेटातून काढून होता तिथं ठेवायचे आणि म्हणायचे, "दाव परत. नशीब आसंल तर परत बी जाईल." तो परत जायचा नाही. सगळे हसायचे. शेठ हसायचे नाहीत. ते बॉल तोंडाशी धरून त्यावर वाफ सोडायचे, खिशातल्या पिवळ्या मऊ फडक्यानं पुसायचे आणि खाली ठेवायचे. गोल वस्तू हातात आली की पुसायची ही त्यांच्या हाताची सवय होती, कारण धंदा चष्म्यांचा.

कोपरगावात मेन रोडला कापडाच्या दुकानांच्या ओळीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर एक पूल टेबल. खाली लोक डोळे तपासून घ्यायला यायचे, वर नेम. हे टेबल शिर्डीतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आलं होतं. खाली एकसंध दगडी फरशी असल्यामुळे ते जिन्यानं चढेना. शेवटी खिडकीची चौकट काढून, ऊस भरायच्या क्रेननं ते माडीवर घेतलं. चौकट परत बसवल्यावर शेठची बायको ताराकाकू म्हणाल्या होत्या, "आता हे मेलं माझ्या जन्माला चिकटलं." त्यांना ती खोली शेवया-कुरडयांच्या वाळवणासाठी हवी होती, हे त्या येईल त्याला सांगत.

माझी आणि शेठची ओळख चाळिशीच्या चष्म्यामुळे झाली. मी पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्याची मोजणी करत असे. पट्टीवरचे आकडे धूसर दिसू लागले तेव्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्या नाकावर ती जड गोल चौकट चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"हा का हा?"

"दोन्ही सारखेच वाटतात."

"सारखे कसे वाटतील? काचा दोन हायेत. घाई करू नका, माझी काय गाडी सुटत न्हाई. हा का हा?"

"बहुतेक दुसरा."

"बहुतेक? कालव्याचं पानी बी बहुतेक मोजता का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे मोजणीसाहेब झालो. सोनेरी रंगाची एक फ्रेम मला आवडली होती. ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "ठेवा ही. हिच्यात तुमी सावकार दिसता. घरात पोरं घाबरतील." त्यांनी साधी काळी फ्रेम दिली, आणि खरं सांगायचं तर तीच मला बरी दिसते. काचा बसायला वेळ लागणार होता म्हणून त्यांनी मला वर जाऊन बसायला सांगितलं. मी वर गेलो, आणि नंतर वर्षानुवर्षं संध्याकाळी तिथं जात राहिलो. खेळायला मला कधीच नीट जमलं नाही. मी भिंतीलगतच्या बाकावर बसून बघायचो.

शेठ आता नाहीत. त्यांचा धिप्पाड देह, पांढरा शर्ट-पायजमा, उजव्या मनगटावरचं घड्याळ आणि त्यांचे ते पंजे आठवतात. पंजा टेबलावर पसरला की खाली बशी झाकून जाईल एवढा. बोलणं मूळ गावाकडचं. इतकी वर्षं शहरात दुकान चालवूनही त्यांनी ते बदललं नव्हतं. ते मोठ्यानं बोलत, चिडत, स्वतःचं कौतुक स्वतःच करत. "माझ्यासारखी फिरकी नगर जिल्ह्यात कोनाची न्हाई" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आता मला त्यांच्या आवाजातच आठवतं. आणि ते खोटं नव्हतं.

फिरकी म्हणजे काय ते सांगायला हवं. पांढऱ्या बॉलला स्टिकनं मधोमध मारलं तर तो सरळ जातो. त्याला उजव्या किंवा डाव्या अंगाला मारलं तर तो स्वतःभोवती फिरत जातो, आणि कडेच्या गादीला लागल्यावर हव्या त्या दिशेला वळवता येतो. पुढच्या बॉलसाठी पांढरा सोयीच्या जागी आणायचा तर फिरकीवाचून चालत नाही. पण यात एक खोड आहे. उजव्या अंगाला मारलं की पांढरा निघतानाच किंचित डावीकडे सरकतो, डाव्या अंगाला मारलं की उजवीकडे. त्यामुळे नेम चुकतो. नवशिका इथंच मार खातो.

शेठनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. टेबलावर टेकवलेला पुढचा हात स्टिकच्या टोकापासून बरोबर एक वीत मागे ठेवायचा. आधी नेम मधोमध धरायचा. मग पुढचा हात न हलवता मागचा हात जरासा बाजूला सरकवायचा, म्हणजे टोक बॉलच्या उजव्या किंवा डाव्या अंगाला येतं, आणि मारायचं. स्टिक तिरपी झाल्यानं जेवढा फरक पडतो तेवढाच बॉल उलट बाजूला सरकतो, आणि फिरकी असूनही बॉल धरलेल्या नेमानं जातो. "एक वीत, मागचा हात, ठो!" इतकीच त्यांची शिकवण होती. कोपरगावातला पूल खेळणारा प्रत्येक माणूस ती शिकूनच तयार झाला होता.

रूपाली म्हणून एक मुलगी मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट होती. ती शिकायला आली तेव्हा तिची प्रत्येक फिरकी बिघडू लागली. शेठ ओरडायचे, "आगं एक वीत सांगतोय ना!" आठवडाभर ऐकून घेतल्यावर तिनं स्टिक खाली ठेवली.

"शेठ, वीत कोणाची?"

"म्हंजी?"

"माझी का तुमची?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, कारण तोवर शिकलेले सगळे शेठसारखेच आडमाप हातांचे होते. शेठनी तिचा हात स्टिकवर पसरायला लावला, वर आपला ठेवला. चांगला दोन बोटांचा फरक. ते मोठ्यानं हसले. "वीत माझीच धरायची, पोरी. तुझ्या ईतीनं बॉल घरी जायाचा न्हाई." रूपालीनं मेडिकलमधून चिकटपट्टी आणली आणि माडीवरच्या सगळ्या स्टिकांवर शेठच्या वितीची खूण केली. कोपरगावात ते एक मापच झालं. शेठची वीत.

त्या मापावर कोपरगावनं नगरची तालुकावार स्पर्धा बऱ्याच वेळा जिंकली. तीन जणांचा संघ असे: शेठ, रूपाली आणि टायर रिमोल्डिंगचं दुकान असलेला सलीम. जिंकणाऱ्याला एक मोठी ढाल मिळे. ती शेठच्या दुकानात, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी टांगलेली असायची. डोळे तपासून घेणारा माणूस अडखळला की शेठ म्हणत, "आक्षरं ऱ्हाऊ द्या. ढाल दिसतीय का?"

मग नगरला नवा हॉल झाला आणि नियम बदलला. कोणाची महागडी स्टिक, कोणाची साधी, असा फरक नको म्हणून सगळ्यांनी हॉलच्याच स्टिकनं खेळायचं असं ठरलं. नियम रास्त होता, मला आजही तसंच वाटतं. हॉलच्या स्टिका नव्या, काळ्या, कार्बनच्या होत्या. शेठनी एक हातात घेऊन कानाशी हलवली. "ही काठी हाय का टीव्हीचा आँटेना?"

त्या दिवशी आमचे जे हाल झाले ते मी बाकावरून पाहिले. सरळ बॉल जात होते. फिरकी दिली की चुकत होते, तेही अगदी थोड्यानं. सलीम चुकला, रूपाली चुकली, शेठ चुकले. पहिल्याच फेरीत शेवगावच्या पोरांनी आम्हाला घरी पाठवलं. बक्षीस समारंभात नगरचा कप्तान भिंगारदिवे, जिम चालवणारा दणकट माणूस, माईकवर म्हणाला, "कोपरगावच्या मंडळींचा नेम जबरदस्त आहे. नगरात धरतात आणि बॉल येवल्यात पडतो."

हॉल हसला. शेठ उठले. मी त्यांचा शर्ट धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "पुढल्या साली ढाल कोपरगावला नेली न्हाई, तर माडीवरचं टेबल इकून टाकीन. आन् परत काठीला हात लावायचा न्हाई. मोजणीसायेब साक्षीला हायेत." माझ्याकडे बोट दाखवल्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग जाता जाता शेठ हॉलच्या ऑफिसात घुसले आणि तिथंही भांडले, "घरच्या काठ्यांवर खेळून जिंकायला काय लागतं? ज्या काठीला कोनाचाच हात लागला न्हाई, आशी द्या." तिथल्या माणसानं "बघू" म्हणून त्यांना चहा पाजला.

परतीला आम्ही सलीमच्या टेम्पोत होतो. राहुरी मागे पडल्यावर मी म्हणालो, "शेठ, एक सांगू? तिघंही एकाच बाजूला चुकत होता. उजवी फिरकी दिली की बॉल उजवीकडे, डावी दिली की डावीकडे. आमच्या मोजणीत सगळे आकडे सारखेच चुकायला लागले तर आम्ही माणसाला दोष देत नाही. पट्टीचं शून्य हललेलं असतं."

"बरं."

घरी काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "टेबल न्यायला क्रेन कधी येणार?" शेठ बोलले की बोलले, हे काकूंना जसं ठाऊक होतं तसं आम्हालाही. पाहायला गेलं तर ते एक जुनं टेबल होतं. पण सलीमची, रूपालीची, माझी आणि अशा कित्येकांची संध्याकाळ त्यावर उभी होती. शेठचं तर विचारायलाच नको. खाली दुकानात ते कमावत आणि माडीवर जगत.

उलगडा झाला तो दुकानात, भर दुपारी. मी चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला गेलो होतो. दहिगावकडची एक म्हातारी तावातावानं आत आली.

"काय दिलाय रं हा चष्मा! घातला आन् उंबरा वर आला. पडले आसते ना मी."

शेठनी तिच्या नाकावरचा चष्मा नीट केला. "मावशे, उंबरा तितंच हाय. नंबर बदललाय. चष्मा खोटा न्हाई, तुझे पाय अजून जुन्या चष्म्याचे हायेत. चार दिस चाल, म्हंजी..."

इथं ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग गल्ला उघडा टाकून जिना चढून वर गेले.

म्हातारी म्हणाली, "आन् माजा चष्मा?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं. वरून पांढरा बॉल गादीवर आदळल्याचा आवाज येत होता. ठक. थोड्या वेळानं परत ठक. शेठनी त्या दिवशी कोपरगावातली पहिली कार्बनची स्टिक मागवली. म्हातारीला दुसऱ्या दिवशी स्वतः घरी जाऊन भेटले, हेही सांगायला हवं.

स्टिक आल्यावर त्यांनी टेबलावरचे सगळे बॉल काढले, फक्त पांढरा ठेवला. समोरच्या गादीवर मधोमध टिकली चिकटवली. टिकलीवर नेम धरून, एका वितीच्या मापानं, उजवी फिरकी देऊन मारलं. जुन्या लाकडी स्टिकनं पांढरा थेट टिकलीवर गेला. कार्बनच्या स्टिकनं तो टिकलीच्या उजवीकडे गेला. परत जुनी, परत नवी. "हा का हा?" ते स्वतःशीच म्हणत होते. आम्ही बाकावर ओळीनं बसलो होतो.

कारण साधं होतं. जुन्या स्टिकचा पुढचा भाग जाड आणि जड. बॉलच्या अंगाला लागला की तो बॉललाच बाजूला ढकलायचा. कार्बनचा पुढचा भाग पोकळ आणि हलका. तो स्वतःच जरा बाजूला होतो आणि बॉल फारसा सरकत नाही. एका वितीच्या मापात स्टिक जेवढी तिरपी होते, तेवढ्या भरपाईची या स्टिकला गरजच नव्हती. मी वजनाचं गणित सांगू लागलो तेव्हा शेठ म्हणाले, "आकडे तुमच्यापाशी ठिवा, सायेब. मला हात कुठं ठिवायचा तेवढं कळू द्या." त्यांनी हात एक बोट मागे घेतला, मारलं. दोन बोटं. तीन. चार बोटांवर पांढरा टिकलीला लागला. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"काठीला बी नंबर आसतो. आपुन आख्ख्या गावाला एकाच नंबराचा चष्मा घातला हुता."

त्यातून त्यांनी नियम केला, आणि तो सगळ्यांकडून पाठ करून घेतला. फिरकी ज्या बाजूची, बॉल त्याच बाजूला गेला तर हात मागं. उलट बाजूला गेला तर हात म्होरं. सरळ गेला की तो त्या काठीचा नंबर.

सांगायला सोपं, पण हात ऐकत नव्हते. सलीम सगळ्यात जास्त कुरकुरला. "शेठ, सारी उमर एक वीत, आणि आता वीत आणि चार बोटं? हात लांब ठेवला की काठी डुलते."

"गिऱ्हाइकाचा टायर बदलल्यावर हवा जुनीच भरतोस का रं?"

"तसं नाही, पण..."

"मग मार."

जुन्या स्टिका समोर असेपर्यंत मोह होणार म्हणून शेठनी त्या काकूंच्या हवाली केल्या. काकूंनी त्यांच्या मच्छरदाणीच्या काठ्या केल्या. आणि सगळ्यात अवघड गेलं ते खुद्द शेठनाच. इतरांनी वीत त्यांच्याकडून घेतली होती, त्यांची ती जन्माचीच होती. बोलता बोलता हात सरकत पुढे यायचा आणि जुन्या जागी बसायचा. काकू सांगायच्या, "दुपारी आडवे झाले की मच्छरदाणीच्या काठीवर वीत टाकून बघतात. मी म्हटलं, डास मारताय का?"

एका संध्याकाळी रूपालीनं त्यांना हरवलं. त्यांच्याच टेबलावर, सरळ खेळात. आजवर असं झालं नव्हतं. रूपालीला काय करावं कळेना, ती स्टिक घेऊन उभीच राहिली. शेठनी ज्यावर डाव संपतो तो काळा बॉल पॉकेटातून काढला, पुसला आणि म्हणाले, "परत मांड." परत हरले. मग जिन्यातून खाली डोकावून गरजले, "आगं ए, ह्या पोरीनं मला दोनदा हारवलं! सगळ्यांना भेळ सांग!" काकूंनी भेळ मागवली. शेठनी ती उभ्याउभ्याच खाल्ली आणि पुन्हा सरावाला लागले. त्या वर्षी त्यांनी अभिमान सोडला असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो दुसरीकडे लावला, एवढंच.

पुढच्या वर्षी आम्ही नगरला गेलो तेव्हा तिघांचेही हात वीत आणि चार बोटांवर पक्के बसले होते. हॉलमध्ये शिरलो आणि सलीम दारातच थांबला. स्टँडमध्ये काळ्या स्टिका नव्हत्या. नव्याकोऱ्या, पिवळसर लाकडाच्या स्टिका ओळीनं लावल्या होत्या.

हॉलचा माणूस हसत पुढे आला. "आढावशेठ, तुमची मागणी मान्य केली बरं का. या काठ्यांना कोणाचाच हात लागलेला नाही. आमच्या पोरांनाही आजच दाखवल्या."

रूपालीनं शेठकडे पाहिलं. सलीमनं कपाळावर हात मारला. "या अल्ला, शेठ. ऑफिसात भांडायला कुणी सांगितलं होतं?"

वर्षभर जे घोटलं ते शेठनी स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं, आणि टेबलही त्याच तोंडानं पणाला लावलं होतं. शेठनी स्टिक उचलली, टोकाजवळचा भाग बोटांत फिरवून पाहिला, हातावर तोलली. जुन्या स्टिकपेक्षा बारीक, कार्बनपेक्षा जड.

"घाबरता काय रं? काठी नवी हाय, डोळं नवं न्हाईत. नंबर काढू."

प्रत्येक संघाला सरावासाठी थोडा वेळ मिळत असे. नगरच्या संघानं तो सटासट सरळ बॉल मारण्यात घालवला. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. आमची पाळी आली तेव्हा शेठनी टेबलावरचे सगळे बॉल काढायला लावले. फक्त पांढरा. तिघं आळीपाळीनं तोच एक बॉल समोरच्या गादीवर मारू लागले.

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो कोपरगाव, झाडून काढताय का टेबल?"

"बॉल विसरून आले वाटतं गावाकडं!"

शेठचं लक्ष नव्हतं. चार बोटांवर उजवी फिरकी दिली, पांढरा डावीकडे गेला. उलट बाजूला. "हात म्होरं." तीन बोटांवरही डावीकडेच, पण कमी. दोन बोटांवर सरळ. सलीमनं मारून पाहिलं, सरळ. रूपालीनं डावी फिरकी देऊन पाहिलं, सरळ. "वीत आन् दोन बोटं," शेठ म्हणाले आणि आपला पंजा पसरून प्रत्येकाच्या स्टिकवर खडूची बारीक निळी खूण केली. सरावाचा वेळ अजून उरला होता. तो त्यांनी चहा पिण्यात घालवला.

शेवगावला आम्ही हरवलं. संगमनेरला हरवलं. अंतिम सामना अर्थातच नगरशी होता. आणि त्यात मी एक गंमत पाहिली, जी आजही आठवली की मला बरं वाटतं. नगरची पोरं वर्षभर कार्बनवर खेळून तयार झाली होती. उजवी फिरकी दिली की त्यांचा पांढरा डावीकडे सरकायचा, डावी दिली की उजवीकडे. प्रत्येकाचा, एकसारखा. सलीमला राहवलं नाही. "नेम नगरात आणि बॉल जामखेडला!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि या वेळी हॉल आमच्या बाजूनं हसला.

तरी घरची माणसं ती, सहजी सुटणारी नव्हती. सलीम थोडक्यात हरला. रूपाली शांतपणे जिंकली. एक-एक झाल्यावर शेवटचा डाव शेठ आणि भिंगारदिवेचा. त्यावर ढाल होती आणि त्यावर टेबल होतं.

भिंगारदिवेनं धडाक्यात सुरुवात केली. सरळ बॉल एकामागून एक पॉकेटात घातले. मग एका बॉलला त्याला फिरकी द्यावी लागली आणि तो केसभरानं चुकला. शेठ उठले. त्यांनी घाई केली नाही. एकेक करत टेबल साफ करत आले. शेवटी त्यांचा एक बॉल उरला, आणि काळा. तो बॉल मधल्या पॉकेटाजवळ तिरका होता. काळा लांब दुसऱ्या टोकाला, गादीला खेटून. बॉल घालून पांढरा तिकडे न्यायचा तर उजवी फिरकी भरपूर द्यावी लागणार होती. नुसता बॉल घातला आणि पांढरा इकडेच राहिला, तर काळा भिंगारदिवेच्या वाट्याला गेल्यासारखाच होता.

शेठ वाकले. आणि मला त्यांचा हात दिसला. तो खडूच्या खुणेच्या पुढे होता. जुन्या जागी. एक वीत.

रूपालीला दिसलं, सलीमला दिसलं. बाहेरून बोलायला मनाई होती. सलीमनं माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता. शेठनी स्टिक मागे घेतली, पुढे नेली, मागे घेतली. आणि थांबले. सरळ उभे राहिले. टेबलाभोवती एक संथ फेरी मारली, जणू बाजारात बैल बघताहेत. परत येऊन वाकले. पंजा टेबलावर ठेवला, मागे सरकवला, आणखी सरकवला, आणि तो खुणेवर येऊन थांबला.

ठो.

बॉल मधल्या पॉकेटात पडला. पांढरा गादीला लागून वळला, दुसऱ्या गादीला लागला आणि टेबलाच्या त्या टोकाला जाऊन काळ्यासमोर असा उभा राहिला की मीसुद्धा तो घातला असता. शेठनी तो घातला, आणि हॉलभर पाहत खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्यासारखी फिरकी नगर जिल्ह्यात कोनाची न्हाई!" त्यावर नगरकरांनीच शिट्ट्या मारल्या.

सलीम ढाल डोक्यावर घेऊन नाचला. रूपाली रडत होती आणि हसत होती. शेठनी माझ्या फोनवरून घरी फोन लावला. "टेबल ऱ्हायलं!" पलीकडून काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "राहू द्या मेलं. जेवायला किती जण?"

आम्ही सामान टेम्पोत ठेवत होतो तेव्हा भिंगारदिवे बाहेर आला. माईकवरचा तो माणूस हा नव्हे असं वाटावं इतका हळू बोलला.

"शेठ, राग नसेल तर विचारू का? हात कुठं ठेवायचा?"

शेठनी आमच्याकडे पाहिलं. ढाल टेम्पोत होती, इंजिन चालू होतं, घरी काकूंनी चूल पेटवली असणार.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी येतो यष्टीनं."

"मी सोडतो त्यांना," भिंगारदिवे घाईघाईनं म्हणाला. "पार घरापर्यंत सोडतो."

शेठ नंतर पुष्कळ दिवस होते, पुष्कळ वेळा दिसले. पण त्यांची आठवण काढली की मला ते त्या हॉलच्या काचेपलीकडे दिसतात. टेबलावरचे सगळे बॉल काढून टाकलेले. भिंगारदिवे वाकलेला, त्याच्या स्टिकवर शेठचा तो रुंद पंजा पसरलेला. भोवती नगरची पोरं माना उंचावून उभी, आणि मागून दिसेना म्हणून शेवगावची पोरं खुर्च्यांवर चढलेली. सलीमनं हॉर्न वाजवला. शेठनी मान वर न करता मोकळ्या हातानं आम्हाला 'जा' अशी खूण केली, आणि पांढरा बॉल सुटला.